कळण्यावाचून

कळणा हे एक धान्य आहे, ते शेतात उगवतं आणि त्याला कणीस येतं, असं मी वयाची तिशी ओलांडेपर्यंत समजत होतो. शेतकऱ्याचा मुलगा असून. कळण्याची भाकरी ताटात पडली नाही असा हिवाळा आमच्या घरात एकही गेला नाही, तरीसुद्धा. ताट समोर आलं की मान खाली घालून खायचं आणि उठायचं, एवढंच शिक्षण मी घरात घेतलं. बाकीचं शाळेत घेतलं, आणि ते जास्त घातक ठरलं.

ही समजूत उराशी धरून मी एका पौषात सबंध कोल्हापूर पालथं घातलं.

आज ते आठवायला कारण गुळाचं झालं. सकाळी दार उघडलं तर तोच वास. पौषात गुऱ्हाळं भरात आली की कोल्हापूरला चहूकडून एक गोड, जड, जरासा करपलेला वास येतो. धुक्याबरोबर तो गल्लीत उतरतो, वाळत घातलेल्या धोतराला लागतो, उशीला लागतो, पहाटेच्या स्वप्नात शिरतो. इथल्या माणसाला हा वास आला की त्याची छाती फुगते. उसाचा पैसा, लग्नाचे मुहूर्त, तालमीतल्या पोरांचा खुराक, सगळं त्या वासात असतं. मी मात्र दार लावून घेतो. कितीतरी हिवाळे आले आणि गेले, महाराज गेले, गावात विजेचे दिवे आले, तरी हा वास आला की दार लावायचं मी सोडलेलं नाही.

माझं गाव तापीकाठचं, यावलकडलं. आमच्याकडं पौषात गुळाचा वास येत नाही. धुराचा येतो. कपाशी वेचून झाली की तिच्या वाळक्या काड्यांचे भारे परसात येऊन पडतात. त्यांच्या जाळावर वांगी भाजतात. वांगं म्हणजे हे इथलं लिंबाएवढं जांभळं नव्हे. फिकट हिरवं, पांढुरकं, तांब्याएवढं. काडी भसकन पेटते, भसकन विझते, आणि तेवढ्यात वांग्याचं साल काळं होऊन आत ते पाघळून जातं. मग ते सोलून लाकडी बडगीत घालायचं, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचायचं, आणि काळ्या ठिपक्यांच्या करड्या भाकरीबरोबर खायचं. ती भाकरी कळण्याची. शेतात चटया टाकून, पंगत धरून, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर खायचं. मी हे लिहितो आहे खरा, पण आता मला ह्यातलं काहीएक जिभेवर आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की एकेकाळी मला हे आठवायचं.

आमच्या बोलीत ळ नाही आणि ण नाही. डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, गुळाला गुय म्हणतो, पाण्याला पानी म्हणतो. जळगावच्या शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्याबद्दल हातावर छडी बसली. "पाणी म्हण. ण. टाळ्याला जीभ लाव." मी जीभ लावली. इतकी लावली की ती पुन्हा खाली आलीच नाही. पुढं ह्याच ज्ञानावर पोट भरण्याची पाळी आली. छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो. कुठं न दिसला की मला संशय यायचा. पुण्याच्या छापखान्यातली नोकरी ह्यापायीच गेली. एका शेटजींच्या मानपत्रात 'दानशूर' असं स्वच्छ जुळवलेलं होतं. मी ते दुरुस्त करून 'दाणशूर' केलं. शेटजींचा धंदा दाणेबाजारातला. त्यांना ते मुद्दाम केलेलं वाटलं. मालकानं मला बोलावून शांतपणे सांगितलं, की महाराजांच्या राज्यात हल्ली आपल्यासारख्या हुशार माणसांना फार वाव आहे, आपण कोल्हापूरला जावं.

म्हणून मी कोल्हापूरला आलो आणि इथल्या एका छापखान्यात लागलो. गंगावेशीच्या अंगाला हौसाक्का नावाची एक म्हशी पाळणारी बाई होती, तिच्या परड्यातली एक खोली मिळाली. हौसाक्का आवाजानं आणि अंगानं दांडगी. दूध काढताना म्हशीशी बोलायची आणि माणसांशी बोलताना म्हशी हाकल्यासारखं बोलायची. पहिल्या दिवशी तिनं मला 'पावणं' म्हटलं. मला वाटलं, चार दिवस म्हणेल. ती शेवटपर्यंत पावणंच म्हणत राहिली. माझं लग्न झालं, बायको आली, संसार नीट मांडून व्हायच्या आत ती प्लेगात गेली, गावाबाहेरच्या झोपडीतून मी एकटा परत आलो, तेव्हाही हौसाक्का दारात उभी राहून म्हणाली, "या पावणं." त्या दिवशी मला कळलं, की हे गाव मला कधी हाकलणार नाही आणि कधी आपलंही म्हणणार नाही.

मग तिकडं थोरला भाऊ गेला. आई आधीच गेली होती. घरात बाप एकटा. शेत वाट्यानं लावून दिलं आणि बापाला घेऊन आलो. मनमाड, दौंड, पुणं, मिरज, अशा गाड्या बदलत. वाटेत त्यानं खिडकी सोडली नाही. कोल्हापूरच्या ठेसनावर उतरला, नाक वर केलं, हवा हुंगली आणि विचारलं, "कोनाचं लगन हाये का रे अठी?"

"लग्न नाही, बाबा. गूळ शिजतोय."

"येवढा गुय कोन खाते?" असं म्हणून तो टांग्यात चढला.

त्याचं आणि हौसाक्काचं बोलणं म्हणजे परड्यातला रोजचा तमाशा. दोघंही मराठीच बोलत होते, आणि एकाचं दुसऱ्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. बाप म्हणायचा, "माय, पानी दे." हौसाक्का मला विचारायची, "पावणं, म्हातारा काय मागतोय? मला तर काय बी कळंना." पण ती बाई पक्की. आठवड्याभरात तिनं त्याची बोली म्हशीच्या सवयीसारखी ध्यानात घेतली. तो डोळे चोळत "डोया, डोया" म्हणाला की ती तांब्या घेऊन यायची. मी तोपर्यंत त्याला दुरुस्त करत होतो. "डोळा म्हणा, बाबा. इथं हसतात." तो माझ्याकडं बघायचा आणि डोळे चोळत राहायचा. एकटा बाबालाल बागवान तेवढा त्याच्यावर खूश होता. मंडईत भाजी विकणारा, आमच्याच गल्लीतला. तो म्हणाला, "पावणं, तुमचा बाप आमच्या घरातल्यावानी पानी म्हणतो. त्येला बसवा माझ्या गाळ्यावर. तुमच्या मराठीपरास बरी हाय त्येची."

मार्गशीर्ष सरत आला तेव्हा बाप एकदाच म्हणाला, "भरीताचे दिवस आले." मागणं नव्हतं ते. दिवस मोजण्याचा त्याचा तो रिवाज होता. मी मान हलवली आणि छापखान्यात गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी परड्यातल्या दगडावर बसून तोंड धुताना त्याच्या हातातला तांब्या पडला. तो उचलायला वाकला आणि तसाच कलंडला. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. दिवसभर नुसता घशातून आवाज. संध्याकाळी त्या वाकड्या तोंडातून एक शब्द निघाला.

"कयना."

पुन्हा म्हणाला. "कयना. कयना."

मी त्याच्या उशाशी बसलो होतो. शब्द कानावर पडला आणि माझ्यातला प्रुफं तपासणारा ताडकन उठून उभा राहिला. य चा ळ केला. न चा ण केला. कळणा! बापाला कळण्याची भाकरी हवी होती. इतका आनंद मला कुठल्याच दुरुस्तीचा झाला नव्हता.

वैद्य आले, नाडी पाहिली, म्हणाले, "पोटात अन्न गेलं पाहिजे. गेलं तर सावरेल, नाही गेलं तर नाही. तोंडाला गोडी वाटेल ते शोधून घाला." आणि बाप तर दात घट्ट मिटून बसलेला. हौसाक्काची दुधातली भाकरी थुंकून टाकली. पेज गालावरून ओघळून मानेत गेली. म्हणजे प्रश्न सरळ होता. कळणा मिळाला तर बाप जगणार होता. मी टोपी घातली आणि निघालो.

पेठेतल्या पहिल्याच वाण्याला विचारलं, "कळणा आहे का?"

"हाय की. म्हशी किती?"

"म्हैस नाही. बाप आहे."

वाण्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मला वाटलं, कोल्हापूरकर थट्टा करतात तशी करतोय. मी हसलो. तोही हसला आणि त्यानं एक गाठोडं बांधून दिलं. घरी येऊन सोडलं तर आत टरफलं, चुरा, डाळीचे बारीक तुकडे, तांबूस पिवळं काहीतरी. मनात म्हटलं, वांगं जसं इथं निराळं, तसा कळणाही इथला निराळा असेल. जात्यावर दळला, पाणी घातलं. भाकरी थापली तर फुटली. पुन्हा थापली, पुन्हा फुटली. शेवटी तव्यावरच हातानं पसरून तिचं काहीतरी केलं, आणि तो तुकडा बापाच्या तोंडात कोंबला. त्यानं जिभेनं तो हळूच बाहेर ढकलला. सोसण्याची हद्द झालेल्या माणसाच्या सभ्यतेनं ढकलला. आणि म्हणाला, "कयना."

"हाच आहे, बाबा. इथला असाच असतो."

हौसाक्का दारात येऊन उभी होती. तिनं पाटीतलं पीठ चिमटीत धरलं, हुंगलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अवो पावणं! ह्ये माज्या म्हशीचं हाय की! डाळ भरडल्याव खाली ऱ्हातंय त्यो कळणा. बापाला घालताय व्हय?"

मी चिडलो. म्हणालो, "तुमच्याकडचा कळणा म्हशी खात असतील. आमच्याकडचा माणसं खातात. ते धान्यच वेगळं आहे."

"आसंल बाई," ती म्हणाली. "आमाला काय कळतंय."

मग मी ते धान्य शोधायला बाहेर पडलो. कागलच्या बाजारात मला दुसऱ्या जातीची टरफलं दाखवली. आजऱ्याला एका वाण्यानं तांदळाचं पोतं उघडून माझी मूठच त्यात घातली. बारीक, वासाचा तांदूळ. "ह्येच्या म्होरं तुमचं कळणं-बिळणं काय लावलंय? हितं भात सोडून काय पिकत न्हाय. न्या आन बापाला मऊ भात घाला." चांगला सल्ला होता. मी तो घेतला नाही. गारगोटीच्या बाजारात एक म्हातारा शेतकरी भेटला. तो तेवढा गंभीरपणे म्हणाला, "दाणा दिसतो कसा ते सांगा." दाणा मी जन्मात पाहिला नव्हता. भाकरी पाहिली होती. तिच्यावरून अंदाजानं सांगितलं, पांढरा, त्याच्यावर काळे ठिपके. म्हातारा म्हणाला, "काणी पडलेला जोंधळा दिसतोय. रोग असतोय त्यो. आमी त्यो जाळून टाकतो. तुमच्याकडं खात्यात?" आणि त्यानं माझ्याकडं इतक्या दयेनं पाहिलं, की सबंध खानदेशाची दैना त्याला माझ्या तोंडावर दिसली असावी.

ह्या सगळ्या हिंडण्यात दिवस जात होते आणि बाप परड्यातल्या खोलीत पडून होता. त्याच्यापाशी हौसाक्का असायची. मी परत यायचो तेव्हा तो डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवत असायचा. त्या हाताकडं बघायचा. दुसऱ्याचीच वस्तू कुणी आपल्या अंगावर आणून ठेवावी तसा. मग माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "कयना." मी समजायचो, हात पुढं करून भाकरी मागतोय. "आणतो, बाबा. उद्या नक्की आणतो." आणि टोपी काढायच्या आधीच उद्याचा बाजार कुठला ते आठवायला लागायचो.

कळणा मिळेना म्हणून वांग्याच्या मागं लागलो. बाबालालला म्हटलं, हिरवं वांगं पाहिजे, तांब्याएवढं.

"वांगं न्हवं त्ये, दुधी हाय म्हणा की."

"दुधी नाही. वांगंच."

"पावणं, आमचं वांगं बारकं. पर काटं बघा ह्येचं. हात लावून दावा नुसता!" आणि देठाचे काटे मला टोचून दाखवल्याशिवाय त्यानं सोडलं नाही. शेवटी मात्र कुठून तरी त्यातल्या त्यात मोठी चार वांगी त्यानं आणून दिली. पैसे घेईना. म्हणाला, "म्हातारा खाऊ दे. मंग घेतो."

बडगी हवी होती ठेचायला. गल्लीत एकाला सांगितलं, बडगी मिळेल का. तो संध्याकाळी कागलकडच्या एका सुताराला घेऊन हजर. तिकडं कानडीत बडगी म्हणजे सुतार. सुतार पटाशी परजून विचारायला लागला, काय तासायचं? मी म्हटलं, वांगी. त्यानं पटाशी पिशवीत घातली आणि परत गेला.

राहिल्या कपाशीच्या काड्या. त्या ह्या ऊसवाल्यांच्या मुलुखात कुठल्या? नदीकाठच्या गुऱ्हाळावर गेलो. तिथं उसाची चिपाडं जाळतात. चुलवणावरचा गुळव्या म्हणाला, "वांगी? हितं? ह्या भट्टीवर गुळाची कायली चढती, पावणं, भाजी न्हाय." तरी त्यानं भाजून दिली. वांगी घरी आणली तर त्यांना काकवीचा वास. मग मला अशी एक युक्ती सुचली, की तिची आठवण झाली की आजही मी रस्त्यात थांबतो. काडी कपाशीची, कापूसही कपाशीचा. धूर तोच असणार! मी गादी उसवली, कापसाचे बोळे केले, वांग्याखाली घातले आणि पेटवले. गादी माझ्या लग्नातली. तिच्यावर दुसरं माणूस निजायचं बंद होऊन बरेच दिवस झाले होते, म्हणून हात कचरला नाही. धूर असा उठला की गल्ली घागरी घेऊन धावली. हौसाक्कानं दोन घागरी ओतल्या, त्यातली एक माझ्यावर. वांगी भिजली, कापूस भिजला, आत बाप खोकून खोकून बेजार. खोकला थांबल्यावर त्या धुराकडं, गर्दीकडं, माझ्या काळ्या तोंडाकडं बघून तो म्हणाला, "कयना."

गल्लीतल्या कुणीतरी हसून विचारलं, "काय म्हणतोय म्हातारा?"

"जेवायला मागतोय," मी सांगितलं.

गर्दी गेल्यावर हौसाक्का तिथंच चिखलात बसली. ओला कापूस पिळता पिळता म्हणाली, "पावणं, एक सांगा. त्येचं झाड कसलं असतंय?"

"कशाचं?"

"त्या तुमच्या कळण्याचं. धान्य म्हणताय न्हवं? मग ताट केवढं, पान कसलं, कणीस येतंय का शेंग? पेरत्यात कवा?"

मी आठवू लागलो. आमच्या शेताचा तुकडान् तुकडा मी डोळ्यांसमोर आणला. विहिरीच्या अंगाला केळी. मधे कपाशी. पलीकडं ज्वारी. बांधाला उडीद, तूर. कळणा कुठंच नव्हता. उभ्या जन्मात मी कळण्याचं पीक पाहिलं नव्हतं. मग तो घरात यायचा कुठून?

तेव्हा मला आई दिसली. पहाटेचं जातं. मी वाकळेत, अर्धवट जागा. तिचा उजवा हात खुंट्यावर आणि डावा हात सुपात. सुपातून ती मूठभर ज्वारी घालायची. एक मूठ, दुसरी मूठ, आणखी एक. मग शेजारच्या वाटीकडं तिचा हात वळायचा आणि थोडेसे काळे उडीद, सालासकट, जात्याच्या तोंडात पडायचे. जात्याचा आवाज तेवढ्यापुरता बदलायचा. जड व्हायचा, खरखर व्हायचा. मग पुन्हा ज्वारी. जात्याच्या कडेनं पीठ उतरायचं ते पांढरं नाही, काळं नाही. करडं, ठिपक्याठिपक्यांचं. ते पसरताना रात्र आणि सकाळ एकत्र दळल्यासारखी दिसायची. आणि ती पुटपुटायची, "झाला कयना."

इतकंच होतं ते. धान्य नव्हतंच. आईच्या हाताचं माप होतं. ते कुठल्याही बाजारात मिळणार नव्हतं आणि ते कोल्हापुरात पहिल्या दिवसापासून होतं. जोंधळा हौसाक्काच्या कणगीत होता, उडीद तिच्या गाडग्यात होते. तीन पावलांवर.

परगावी राहायला गेलेल्या माणसाला वाटतं, आपल्या गावचा पदार्थ इथं मिळत नाही. पदार्थ नाहीसा होतो तो फार नंतर. आधी त्याचं नाव जातं. ते नाव इथं येऊन दुसऱ्याच कुणाचं झालेलं असतं, म्हशीचं, सुताराचं, रोगाचं. आपण तो शब्द हातात घेऊन दारोदार हिंडतो, आणि प्रत्येक दारात कुणीतरी त्या शब्दाचा भलताच अर्थ मोठ्या आपुलकीनं आपल्या पदरात घालतो. त्यांचं काही चुकत नाही. आणि आपण गावाकडं परत जावं तर तिथं विचारायला कुणी उरलेलं नसतं.

हौसाक्कानं दळलं, मीही जात्याला हात लावला. तिनंच भाकरी केली. भाकरी फुटली नाही. तव्यावरून उतरली तेव्हा तिचा वास आला आणि मी तिथं चुलीपुढं म्हातारीसारखा रडलो. हौसाक्का म्हणाली, "रडा मागनं. आदी घाला त्येला. ताट गार हुतंय."

बापाच्या तोंडात तुकडा ठेवला. त्यानं तो थुंकून टाकला नाही. चांगल्या बाजूनं तो हळूहळू चावत राहिला. डोळे कुठंतरी लांब गेले. घास उतरला. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, "कळणा, बाबा! कळणा!" पहिल्यांदा मी त्याच्याजवळ इतका वाकलो होतो. त्यानं डावा हात उचलून माझ्या गालाला लावला. भाकरीकडं पाहिलं, हौसाक्काकडं पाहिलं, आढ्याकडं, दाराबाहेरच्या धुक्याकडं, मग त्या मेलेल्या हाताकडं. आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "कयना."

मला वाटलं, आणखी मागतोय. दुसरा तुकडा घातला. तो त्यानं चावला नाही. तिसरा घालायला गेलो तर तोंड भिंतीकडं फिरवलं. पोट भरलं असेल, असं मी हौसाक्काला सांगितलं. त्या दिवशी छापखान्यात मी सगळ्यांना सांगत सुटलो, की बाप जेवला.

त्यानंतर तो जेवला नाही. अमावास्येच्या सुमारास गेला. गुऱ्हाळं ऐन जोरात होती. पंचगंगेच्या घाटावर त्याला ठेवला तेव्हाही वाऱ्यावर गुळाचाच वास होता, आणि चितेच्या धुराला आमच्याकडच्या काड्यांचा वास येईल, असं काहीतरी खुळ्यासारखं मी मनात धरून बसलो होतो. आला नाही.

अजून दर पौषात मी जोंधळा आणतो, उडीद आणतो, माप चुकवत दळतो. करडी भाकरी होते. ती खातो. ती नुसती भाकरी असते. मग मला उगीच वाटतं, की खरी चव माझ्या जिभेत नव्हतीच, ती बापाच्या तोंडात होती. आणि मग मला ते शेवटचं बोलणं आठवतं, ज्याच्यापासून मी दर हिवाळ्यात पळतो आणि दर हिवाळ्यात गुळाचा वास मला आणून तिथंच उभा करतो.

दिवस-पाणी झाल्यावरची गोष्ट. ते करडं पीठ शिल्लक होतं. माझ्यानं खाववेना. पाटी उचलून गोठ्यात गेलो. हौसाक्का म्हशीखाली बसून धार काढत होती. म्हटलं, "अक्का, हे म्हशीला घाला."

"ठेवा तितं."

मी ठेवली. उभा राहिलो. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, म्हणून म्हणालो, "एक मात्र बरं झालं. जो शब्द त्याच्या तोंडी होता, ती वस्तू शेवटी त्याच्या तोंडात पडली. कयना, कयना म्हणत गेला बिचारा. मी मिळवून दिला."

धार थांबली. हौसाक्कानं म्हशीच्या पोटाआडून मान बाहेर काढली.

"पावणं, डोया म्हंजी काय?"

"डोळा."

"गुय म्हंजी?"

"गूळ."

"आन कयना म्हंजी?"

"कळणा," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, आणि तेच वाईट होतं.

"मी दिसभर बसाय हुते त्येच्यापाशी. हात हालंना, की म्हणायचा कयना. ह्यो गाव कुटला, ही बाई कोण, की कयना. पोरगं आलं आन लगीच गेलं, की दाराकडं बगून कयना." तिनं पुन्हा आचळाला हात घातला. "म्हातारा कळंना म्हणत हुता, पावणं. आन तुमी त्ये पायलीनं आणाय गेलता."